सावध बोलण्याचे व्याकरण : इंग्रजी संभाषणातील 'मे', 'माइट', 'वुड' आणि मराठवाड्यातील इंग्रजी अध्यापनाचा इतिहास

बीजसंज्ञा : साहाय्यक क्रियापदे, विध्यर्थ, विनय, भाषांतर पद्धती, मराठवाडा

प्रस्तावना

एखाद्या इंग्रजी नियतकालिकाकडे पाठविलेला शोधनिबंध परत येतो आणि त्यासोबत परीक्षकाचा अभिप्राय असतो : 'यू माइट वॉन्ट टू रिवाइज धिस सेक्शन.' या वाक्याचे शब्दशः मराठी 'हा भाग सुधारावा असे कदाचित तुम्हाला वाटेल' असे होते. असा अर्थ घेणारा प्राध्यापक तो भाग तसाच ठेवतो, कारण त्याला तसे वाटलेले नसते. प्रत्यक्षात परीक्षकाचे म्हणणे 'हा भाग दुरुस्त करा, अन्यथा निबंध स्वीकारता येणार नाही' असे असते. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असूनही वाक्याचा अर्थ हातून निसटतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावातील पदवीधर मुलाखतीला जातो. 'जरा पाणी मिळेल का?' असे मराठीत सहज म्हणणारा हा विद्यार्थी इंग्रजीत 'गिव्ह मी वॉटर' असे म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यात उद्धटपणा दिसतो. दोष व्याकरणाचा असतो, निवाडा मात्र स्वभावाचा होतो. शब्दांचा उच्चार चुकला किंवा काळ चुकला तर समोरचा 'याचे इंग्रजी कच्चे आहे' असे म्हणतो; 'कुड' किंवा 'वुड' राहून गेले तर तो 'याला बोलण्याची रीत नाही' असे म्हणतो. दुसरा निवाडा अधिक महाग पडतो, कारण तो सहसा विद्यार्थ्याला सांगितलाच जात नाही.

इंग्रजी भाषक दैनंदिन बोलण्यात 'मे', 'माइट', 'कुड', 'वुड', 'परहॅप्स', 'आय थिंक', 'आय वंडर' यांसारखी रूपे सतत वापरतात. त्यांतून विधानाची खात्री कमी केली जाते किंवा विनंतीची धार बोथट केली जाते. मराठीत याला 'हातचे राखून बोलणे' असा नेमका वाक्प्रचार आहे. भाषाविज्ञानात १९७० च्या दशकापासून या रूपांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. अमेरिकेत जॉर्ज लेकॉफ यांनी सावध रूपांच्या अर्थविचाराकडे लक्ष वेधले, रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ मध्ये स्त्रियांच्या भाषेच्या संदर्भात त्यांची चर्चा केली आणि पेनेलोपी ब्राऊन व स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये विनयाचा सिद्धान्त मांडला. १९८७ मध्ये तो स्वतंत्र ग्रंथरूपाने आला. या सिद्धान्तासाठी अभ्यासलेल्या तीन प्रमुख भाषांपैकी एक तमिळ होती, ही बाब भारतीय वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

हा प्रश्न केवळ भाषाविज्ञानाचा नाही, इतिहासाचाही आहे. इंग्रजी भाषा मराठी माणसाकडे कोणत्या मार्गाने आली, कोणत्या पुस्तकांतून शिकविली गेली आणि मराठवाड्यात ती कोणत्या राजवटीखाली पोहोचली, यावर तिचे कोणते अंग हाती लागले व कोणते सुटले, हे अवलंबून आहे.

उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, इंग्रजीतील सावध साहाय्यक क्रियापदांच्या विकासाचा थोडक्यात आढावा घेणे. दुसरे, मराठीत याच कामासाठी असलेली व्यवस्था व तिची परंपरा स्पष्ट करणे. तिसरे, एकोणिसाव्या शतकातील व्याकरण व भाषांतर पद्धती आणि मराठवाड्याचा राजकीय इतिहास यांमुळे या दोन व्यवस्थांची सांगड का बसली नाही, याचा शोध घेणे.

मराठी भाषकाजवळ अनिश्चितता व विनय व्यक्त करण्याची समृद्ध साधने मुळातच आहेत, परंतु इंग्रजी शिकविताना ती वापरली गेली नाहीत, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

इंग्रजी साहाय्यक क्रियापदांचा प्रवास

इंग्रजीतील ही साहाय्यक क्रियापदे आरंभी सावध नव्हती. प्राचीन इंग्रजीत 'मे' या क्रियापदाच्या मूळ रूपाचा अर्थ सामर्थ्य असणे असा होता. आजही 'माइट' हा शब्द नाम म्हणून बळ या अर्थी वापरला जातो. 'कॅन' म्हणजे जाणणे, 'विल' म्हणजे इच्छा असणे आणि 'शॅल' म्हणजे देणे लागणे. ज्ञान, बळ, इच्छा व ऋण यांचे हे ठोस शब्द शतकानुशतकांच्या वापराने झिजत गेले आणि त्यांतून शक्यता, परवानगी, कर्तव्य व अंदाज हे अर्थ निर्माण झाले.

या प्रवासातील दोन टप्पे येथे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला टप्पा भूतकाळी रूपांचा आहे. 'कुड', 'माइट', 'वुड', 'शुड' ही मुळात अनुक्रमे 'कॅन', 'मे', 'विल', 'शॅल' यांची भूतकाळी रूपे होत. वर्तमानातील गोष्ट भूतकाळी रूपात सांगितली की ती बोलणाऱ्यापासून एक पाऊल दूर जाते. त्यामुळे 'कॅन यू हेल्प मी' पेक्षा 'कुड यू हेल्प मी' सौम्य ठरते आणि 'आय वॉज वंडरिंग' असे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला नकार देण्यास मोकळीक राहते. काळाचे हे अंतर म्हणजेच माणसामाणसांतील अदबीचे अंतर होय.

दुसरा टप्पा सर्वनामांचा आहे. इंग्रजीत पूर्वी जवळच्या किंवा कनिष्ठ व्यक्तीसाठी 'दाऊ' आणि आदरार्थी 'यू' असा भेद होता. सतराव्या शतकापासून 'दाऊ' प्रमाण बोलीतून मागे पडत गेले आणि राजापासून नोकरापर्यंत सर्वांसाठी एकच 'यू' उरले. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' हे जे काम करतात, ते करणारे सर्वनाम इंग्रजीत राहिले नाही. आदर व अंतर दाखविण्याचा मोठा भार त्यामुळे साहाय्यक क्रियापदांवर आला, असे मानण्यास जागा आहे.

हा प्रवास अजून थांबलेला नाही. जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात 'शॅल' व 'विल' यांच्या पुरुषानुसार वापराचा नियम सांगितला. 'आय शॅल, यू विल' हा नियम आपल्याकडील शालेय व्याकरणात दीर्घकाळ पाठ करून घेतला गेला. दरम्यान इंग्रजी भाषकांनी 'शॅल' बव्हंशी सोडून दिले. जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९० च्या दशकाचा आरंभ अशा दोन टप्प्यांवरील ब्रिटिश व अमेरिकन लिखित इंग्रजीची तुलना केली. त्यात 'शॅल', 'मस्ट' व 'मे' यांचा वापर लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले. म्हणजे ज्या रूपांवर आपल्या वर्गांत सर्वाधिक भर राहिला, तीच रूपे मूळ भाषकांच्या वापरातून ओसरत होती.

मराठीतील 'हातचे राखून बोलणे'

मराठी भाषा सडेतोड आणि इंग्रजी भाषा नम्र असा एक समज प्रचलित आहे. मराठीच्या क्रियापदांकडे बारकाईने पाहिल्यास तो टिकत नाही. 'बाबा घरी आहेत' हे निःसंदिग्ध विधान आहे. 'बाबा घरी असणार' यात खात्री आहे, पण प्रत्यक्ष पाहिलेले नाही. 'बाबा घरी असतील' हा अंदाज आहे. 'बाबा घरी असावेत' हे एखाद्या खुणेवरून, उदाहरणार्थ दाराबाहेरील चपलांवरून, काढलेले अनुमान आहे. 'बाबा घरी आहेत म्हणे' यात बोलणारा बातमीची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. वाक्य तेच असून क्रियापदाचे रूप किंवा एखादे अव्यय बदलताच खात्रीची पायरी बदलते. यातील 'म्हणे' तर इतका नेमका आहे, की त्याच्यासाठी इंग्रजीत 'अपॅरंटली' किंवा 'आय हियर' असे वेगळे शब्द जोडावे लागतात.

या व्यवस्थेचा कणा विध्यर्थ होय. 'करावे', 'जावे', 'असावे' ही रूपे संस्कृतातील 'तव्य' प्रत्ययापासून प्राकृतमार्गे आली आहेत. 'घर स्वच्छ असावे' येथे विध्यर्थ कर्तव्य सांगतो, तर 'तो घरी असावा' येथे अनुमान सांगतो. इंग्रजीतील 'मस्ट' व 'शुड' यांचेही असेच आहे. 'यू मस्ट गो' मध्ये सक्ती आहे आणि 'ही मस्ट बी अ‍ॅट होम' मध्ये अनुमान आहे. मराठीत 'त्याने गेले पाहिजे' व 'तो घरी असला पाहिजे' ही जोडी याच मार्गाने जाते. 'पाहिजे' हे रूपही मूळचे 'पाहणे' या क्रियापदाच्या जुन्या कर्मणी रूपातून आलेले आहे, आणि 'नये' हे 'न ये' म्हणजे 'येत नाही' यातून घडले आहे. साध्या क्रियापदांतून कर्तव्य आणि कर्तव्यातून अनुमान ही वाटचाल दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केलेली आहे.

विनयाच्या बाबतीतही हेच दिसते. मराठेकालीन पत्रव्यवहारात 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे' हा ठराविक मजकूर असे. येथे 'लिहा' अशी आज्ञा नाही, 'लिहीत जावे' असा विध्यर्थ आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांतून आणि १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'पेशवे दप्तर' या ४५ खंडांतून अशा पत्रांचा प्रचंड साठा उपलब्ध झाला आहे. पत्र कोणाकडून कोणाला जाते यानुसार त्यात आज्ञा, विनंती, विज्ञापना वा आशीर्वाद यांची निवड केली जाई. 'कळावे, लोभ असावा' हा पत्राचा शेवट याच परंपरेतून आजपर्यंत चालत आला. या तीन शब्दांत दोन विध्यर्थ आणि एक विनंती सामावलेली आहे.

ज्ञानाचा स्रोत सांगून विधान सावध करण्याची रीत त्याहूनही जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या त्या व्यक्तींना विचारून गोळा केल्या. पुढील परंपरेत एकाच लीळेचे निरनिराळे पाठ ते सांगणाऱ्यांच्या नावांनिशी जपले गेले. 'हे असे घडले' आणि 'अमुकाच्या सांगण्याप्रमाणे हे असे घडले' यांतील फरक मराठी गद्याने आपल्या आरंभकाळातच ओळखला होता.

दैनंदिन बोलण्यात तर भूतकाळाचा विनयासाठी वापर इंग्रजीइतकाच सहज आहे. 'एक विचारायचे होते', 'तुमच्याकडे जरा काम होते' असे म्हणणाऱ्या माणसाचे काम संपलेले नसते. ते आत्ताच करून घ्यायचे असते. 'आय वॉन्टेड टू आस्क यू समथिंग' या वाक्याची रचना आणि हेतू यापेक्षा वेगळा नाही. 'जरा' हा शब्द फारसीतून आला आणि मराठी विनंतीचा अविभाज्य भाग झाला. 'बघू' हा एकच शब्द तर परिस्थितीनुसार होकार, विलंब आणि सभ्य नकार अशी तिन्ही कामे करतो.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. मराठी कुटुंबात सावध रूपे जवळच्या माणसाशी वापरली जात नाहीत. मुलगा आईला 'पाणी दे गं' म्हणतो. 'पाणी देऊ शकशील का?' असे तो म्हणाला तर आईला त्यात रुसवा किंवा उपरोध जाणवेल. इंग्रजीत मात्र जेवणाच्या टेबलावर नवरा बायकोला 'कुड यू पास द सॉल्ट' असे म्हणतो आणि त्यात कोणाला दुरावा वाटत नाही. ब्राऊन व लेव्हिन्सन यांनी जवळीक साधणारा विनय आणि अंतर राखणारा विनय असा भेद केला आहे. मराठी माणूस दोन्ही प्रकार जाणतो. तो त्यांच्या जागा वेगळ्या ठरवितो, एवढेच.

व्याकरणकार आणि भाषांतराची पद्धती

असे साधर्म्य असताना मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीतील सावध रूपे परकी का वाटतात? याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत शोधावे लागते.

विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये सेरामपूर येथून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्यांना साहाय्य होते. या व्याकरणाला दैनंदिन विषयांवरील संवाद जोडलेले होते. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याला लोकांशी बोलता यावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे इंग्रज माणसाला मराठी शिकविताना संभाषण हे शिक्षणाचे अंग मानले गेले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या आणि विस्तारित १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही बोलीतील शब्दांना मोठे स्थान मिळाले.

मराठी माणसाला इंग्रजी शिकविताना मात्र वेगळा मार्ग धरला गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीला तिच्याच भाषेत शास्त्रशुद्ध व्याकरण देण्याचे त्यांचे कार्य अजोड आहे. त्या व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर झाली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या परंपरेची साक्षेपी चिकित्सा केली. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे क्रियापदाचे अर्थ शालेय व्याकरणात स्थिर झाले. त्यांची व्याख्या रूपावरून केली जात असे. ते रूप कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी वापरतो हा प्रश्न त्या काळच्या व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा होता.

तर्खडकरांच्या नावाने परिचित असलेल्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना इंग्रजी वाचता व लिहिता येण्याजोगे केले. तिचे हे ऋण मोठे आहे. मात्र भाषांतर पद्धतीचा पायाच असा, की प्रत्येक इंग्रजी रूपासमोर एक मराठी प्रतिरूप ठेवायचे. 'कॅन' म्हणजे शकणे, 'मस्ट' म्हणजे पाहिजे, 'मे' म्हणजे परवानगी किंवा शक्यता, 'वुड' म्हणजे 'विल'चा भूतकाळ. हे समीकरण वाक्याचे भाषांतर करण्यास पुरेसे होते. संभाषणात मात्र 'कुड यू' समोर 'शकला का' ठेवून चालत नाही. तेथे 'कुड यू वेट' समोर 'जरा थांबता का' हेच ठेवावे लागते. म्हणजे एका साहाय्यक क्रियापदाच्या जागी मराठीत एक अव्यय, आदरार्थी अनेकवचन आणि प्रश्नार्थक रचना अशा तीन गोष्टी येतात. शब्दाला शब्द लावणाऱ्या पद्धतीत या जोडणीला जागाच नव्हती.

अशा ठराविक समीकरणाची गरज असलेले एक क्षेत्र निश्चितच आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ नंतर विधी व प्रशासनाच्या मराठीकरणाला वेग आला. कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'मे' म्हणजे अधिकार, हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. म्हणून अधिनियमांच्या मराठी पाठांत 'राज्य शासनास करता येईल' अशी निश्चित रचना रूढ झाली. कायद्यात एका रूपाला एकच अर्थ असणे हा गुण आहे. संभाषणात तोच दोष ठरतो.

मराठवाड्याची वेगळी वाट

मुंबई-पुण्यातील विद्यार्थ्याला निदान काही काळ इंग्रज अध्यापकांचे बोलणे कानी पडले. १८३० च्या दशकापासून एल्फिन्स्टन संस्थेत आणि पुढे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत इंग्रजी ही वर्गात ऐकण्याची व बोलण्याची भाषा होती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनाचे माध्यम उर्दू होते आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९२३ मध्ये इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले. त्या काळात बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे.

या इतिहासाचा भाषिक परिणाम असा झाला, की मराठवाड्यातील माणसाच्या वाट्याला घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशी विभागणी आली. अधिकाऱ्यासमोर अदबीने कसे बोलावे याचे वळण त्याला उर्दूने दिले. 'अर्ज', 'हुजूर', 'मेहेरबानी' हे शब्द त्या व्यवहाराचे अवशेष होत. इंग्रजीला येथे बोलण्याचे क्षेत्रच मिळाले नाही. ती परीक्षेत लिहिण्याची भाषा राहिली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि उर्दूचे कचेरीतील स्थान ओसरले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी हैदराबाद येथे इंग्रजी अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. त्या काळात भारतभर रचनापद्धतीचा प्रसार होत होता. तिने भाषांतराऐवजी वाक्यरचनांच्या सरावावर भर दिला. पण सराव होता तो रचनेचा, प्रसंगाचा नव्हता. 'मे आय कम इन, सर' हे वाक्य प्रत्येक वर्गाच्या दारात रोज घुमले आणि विद्यार्थ्याला आयुष्यभर पाठ राहिले. 'मे आय' ची ही रचना वर्गाच्या दाराबाहेर इतर कोठे वापरायची असते, हे मात्र अनेकांच्या लक्षात आणून दिले गेले नाही.

२००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. वर्षे वाढली, परंतु सावध रूपांचे स्थान व्याकरणाच्या तक्त्यातच राहिले तर केवळ वर्षे वाढल्याने ती बोलण्यात उतरत नाहीत. बीड जिल्ह्यात ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणारी हजारो कुटुंबे आहेत. माजलगाव परिसरातील महाविद्यालयांत अशा कुटुंबांतील पहिली पदवीधर पिढी शिकते. शहरातील विद्यार्थ्याला घरात, दूरचित्रवाणीवर किंवा मित्रांत जे ऐकून मिळते, ते या विद्यार्थ्याला वर्गातच मिळू शकते. वर्गात मिळाले नाही, तर मुलाखतीच्या खोलीत त्याची किंमत मोजावी लागते.

अर्जाची भाषा आणि बोलण्याची भाषा

या विद्यार्थ्याला इंग्रजीतील विनय मुळीच शिकविला जात नाही, असे नाही. रजेचा अर्ज लिहिताना तो 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' असे लिहितो. वसाहतकालीन कचेऱ्यांतील अर्जांच्या भाषेतून ही शब्दावली शाळेत आली आणि टिकून राहिली. त्यामुळे एक विचित्र विषमता निर्माण झाली. लेखनात 'आय बेग' इतकी लीनता आणि बोलण्यात 'गिव्ह मी' इतका थेटपणा! मधली पायरी, म्हणजे समान पातळीवरील दोन माणसांचा 'कुड आय', 'वुड यू माइंड', 'आय थिंक वी माइट' हा साधा सौजन्याचा व्यवहार, दोन्हींतून निसटला. अर्जाचा विनय प्रजेचा होता; संभाषणाचा विनय नागरिकाचा असतो. लोकशाहीत दुसऱ्या प्रकारचा विनय अधिक कामाचा आहे.

भारतीय भाषकांनी या रूपांना स्वतःचे वळणही दिले आहे. 'आय विल कम टुमॉरो' ऐवजी 'आय वुड कम टुमॉरो' असा वापर भारतीय इंग्रजीत आढळतो, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे. बोलणाऱ्याला 'वुड' अधिक अदबशीर वाटते. परदेशी श्रोता मात्र पुढे 'बट' येईल म्हणून थांबतो. त्याला तो होकार अपुरा वाटतो. येथे बोलणाऱ्याची इच्छा सौम्य होण्याचीच आहे. साधनही हाती आहे, फक्त त्याची जागा चुकते. यावरून मराठी किंवा भारतीय भाषक सौजन्यात कमी पडतो हा समज निराधार ठरतो.

अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही दिशा स्पष्ट होतात. पहिली दिशा विद्यार्थ्याच्या मराठीपासून सुरुवात करण्याची आहे. 'असणार, असतील, असावेत, आहेत म्हणे' ही चढण आधी फळ्यावर मांडावी आणि मग प्रत्येक पायरीला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधण्यास सांगावे. 'एक विचारायचे होते' या वाक्यातील 'होते' कशासाठी आहे, असे विचारल्यास 'वुड' व 'कुड' या भूतकाळी रूपांचे कोडे क्षणात उलगडते.

दुसरी दिशा प्रसंगावरून शिकविण्याची आहे. बँकेतील खिडकी, रेल्वेतील सहप्रवासी, दूरध्वनीवरील चौकशी, मुलाखतीतील न समजलेला प्रश्न अशा प्रसंगी मराठीत आपण काय म्हणतो, हे विद्यार्थ्याने प्रथम सांगावे. त्याच्या तोंडून 'जरा', 'का', 'ना', 'बरं का' हे शब्द आपोआप येतील. त्या प्रत्येक शब्दाचे काम इंग्रजीत कोणते रूप करते, याची जोडणी वर्गात व्हावी.

तिसरी दिशा ऐकण्याची आहे. सावध रूप वापरणे जितके आवश्यक, तितकेच ते ओळखणे आवश्यक आहे. 'यू मे वॉन्ट टू' हा सल्ला कधी असतो आणि आदेश कधी असतो, हे बोलणाऱ्याचा अधिकार पाहून ठरते. मराठीत साहेबाने 'हे एकदा बघून घ्या' म्हटले तर त्यात 'एकदा' असूनही तो आदेश असतो, हे प्रत्येक कारकुनाला कळते. तीच समज इंग्रजीकडे वळवावी लागेल.

निष्कर्ष

१. इंग्रजीतील सावध साहाय्यक क्रियापदे ही त्या भाषेच्या इतिहासाची निर्मिती आहे. बळ, ज्ञान, इच्छा व ऋण दर्शविणारे शब्द झिजून आणि भूतकाळी रूपे वर्तमानाला लावून ती घडली. सर्वनामांतील आदरभेद नाहीसा झाल्यावर त्यांचे महत्त्व वाढले असावे.

२. मराठीत हेच काम विध्यर्थ, भविष्यकाळी रूपे, 'म्हणे' व 'जरा' यांसारखी अव्यये, आदरार्थी अनेकवचन आणि विनयदर्शक भूतकाळ यांतून होते. ही परंपरा प्राचीन गद्यापासून मराठेकालीन पत्रांपर्यंत व आजच्या बोलीपर्यंत अखंड आहे.

३. एकोणिसाव्या शतकातील व्याकरण व भाषांतर पद्धतीने वाचन व लेखनाची मोठी सोय केली; परंतु एका रूपाला एक प्रतिरूप देण्याच्या रीतीमुळे दोन्ही भाषांतील संभाषणाची जोडणी होऊ शकली नाही.

४. मराठवाड्यात फारसी व उर्दू या राज्यकारभाराच्या भाषा राहिल्याने आणि इंग्रजी पुस्तकापुरती मर्यादित राहिल्याने ही उणीव अधिक खोल झाली. तिचे मूळ इतिहासात आहे. विद्यार्थ्याच्या स्वभावात किंवा त्याच्या गावात नाही.

५. म्हणून इंग्रजी संभाषणाच्या अध्यापनात मराठीला अडथळा न मानता आधार मानणे हितावह ठरेल. ज्या विद्यार्थ्याला दाराबाहेरील चपला पाहून 'बाबा घरी असावेत' असे म्हणता येते, त्याच्याजवळ अनुमानाचे व्याकरण आहे. ज्याला 'जरा काम होते' असे म्हणता येते, त्याच्याजवळ विनयाचे व्याकरणही आहे. त्याला मिळायचे राहिले आहेत ते केवळ त्या व्याकरणाचे इंग्रजी शब्द.